काळजीपोटी हलवलेली खुर्ची

प्रिय रेवा आणि ईशान,

परवा रेवाचा मेसेज आला. नोकरीत तिच्या हाताखाली पहिल्यांदाच माणसं दिली आहेत, आणि सहृदय नेतृत्व या विषयावर तिचं प्रशिक्षण चालू आहे. तिथे प्रत्येकाने एक चांगलं उदाहरण सांगायचं होतं. रेवाने माझ्या कंपनीने केलेला माझा व्हिडिओ दाखवला. "आजी, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं," असं तिने लिहिलं होतं.

मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. मला शिसारी आली.

रेवाचा यात काही दोष नाही. व्हिडिओ तसाच बनवला आहे. पण ते उदाहरण तिने आणखी कुठे सांगण्याआधी तिला खरं काय झालं ते कळावं, म्हणून आत्ताच लिहायला बसले आहे. मराठीत लिहिते आहे. आयुष्यभर मी इंग्रजीत जे लिहिलं ते दुसऱ्यांच्या सहीखाली गेलं. हे माझं आहे. ईशानला वाचायला वेळ लागेल, लागू दे. आणि तुमच्या ओळखीत कोणाच्या घरी हा आजार आला, तर त्यांनाही वाचून दाखवा.

बसची पायरी

तुम्हाला माझं काम नीट माहीत नसेल. एका कंपनीतून रीतसर निवृत्त झाल्यावर चाकणच्या कारखान्यात मला बोलावून घेतलं. तिथे मोटारींच्या सीटचे लोखंडी सांगाडे होतात. परदेशी ग्राहकांचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. ग्राहकाला नेमकं काय खटकलं आहे ते समजून घ्यायचं, प्रॉडक्शनला मराठीत सांगायचं, आणि त्यांचं उत्तर ग्राहकाला पटेल अशा इंग्रजीत लिहायचं. मला ते काम फार आवडायचं. ही गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आजारपणाच्या थोडं आधी पोट बिघडलं होतं, ते बरं झालं. मग पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. वयाचं काहीतरी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. एका सकाळी सांगवीच्या थांब्यावर कंपनीची बस आली, मी पाय उचलला आणि तो उचलला गेलाच नाही. पायरीसमोर मी नुसती उभी.

"काय पडलं का मॅडम?" बसचा ड्रायव्हर बबन म्हणाला.

"नाही रे. पाय वर येत नाहीये."

मागच्या दोघींनी मला धरून आत बसवलं. मी चक्क कामावर गेले. संध्याकाळपर्यंत पेन हातातून गळायला लागलं.

नाव कळलं तो दिवस

दुसऱ्या दिवशी वाकडच्या एका खासगी रुग्णालयात आजोबांनी मला व्हीलचेअरवरून नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. गुडघा हलला नाही. दुसरा गुडघाही हलला नाही. त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी मागे उभ्या असलेल्या सिस्टरला हळूच "बेड बघा" म्हटलं, ते मी ऐकलं.

आजाराचं नाव परदेशी आहे. मलाही ते पहिल्या खेपेस नीट म्हणता आलं नाही. सगळे जीबीएस म्हणतात. शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर उठतं. बहुतेक लोक बरे होतात, पण बरं होण्याआधी आजार आणखी वाढतो, आणि किती वाढेल ते आधी सांगता येत नाही.

आजोबांनी विचारलं, "म्हणजे उद्या आजच्यापेक्षा वाईट असेल?"

"असू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तर इथे ठेवतोय."

मला त्यांचं ते सरळ उत्तर फार बरं वाटलं. पुढचे काही आठवडे इतकं सरळ माझ्याशी फार थोडे लोक बोलले.

आयसीयू

या आजारात डोकं शाबूत राहतं. सगळं कळतं, ऐकू येतं, दुखतं, आणि हलता मात्र येत नाही. पाय गेले, मग हात गेले, मग चेहऱ्याची डावी बाजू गेली. डावा डोळा मिटेना. जीभ जड झाली. मी बोलले की लोक मान पुढे करून "काय?" म्हणायचे, आणि दुसऱ्यांदा सांगायचं त्राण नसायचं.

दर काही तासांनी डॉक्टर येत आणि एका श्वासात आकडे मोजायला लावत. श्वासाची ताकद त्यावरून कळते. आकडे फार लवकर संपायला लागले की घशात नळी. मी मनाशी तयारी करून मोजायची. तरी रोज जरा आधीच संपायचे. ती भीती मला वर्णन करून सांगता येत नाही. एवढंच सांगते की लहानपणी शाळेत पाढे विसरल्यावर जशी मान खाली जायची, तशी लाज वाटायची, आणि आता तर मान खाली घालताही येत नव्हती.

मग एका सकाळी आकडे आदल्या दिवसाइतकेच आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तितकेच. डॉक्टर म्हणाल्या, "थांबलं." नळी टळली.

तिथे एक सावंतवाडीची सिस्टर होती. झोपताना माझा न मिटणारा डोळा पट्टीने बंद करावा लागे. बाकीच्या येऊन पट्टी लावून जात. ही आधी समोर उभी राहायची. "आजी, आता पट्टी लावतंय हां. आणखी काही बघायचं आहे?" एकदा मी खिडकीकडे पाहिलं. तिने पलंग जरा फिरवला, थोडा वेळ तशीच थांबली, आणि मग पट्टी लावली. बाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती आणि तिच्यावर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता. तो टॉवेल मला अजून आठवतो.

काकू

वॉर्डात आणल्यावर कंपनीतून निखिल आला. निखिल हा आमच्याकडचा मनुष्यबळ विभागाचा प्रमुख. तुमच्या आईहून लहान, नीटनेटका, बोलायला गोड. कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य हा त्याचा आवडता विषय. शॉपफ्लोरवर त्याने एक फळा लावला आहे. कामावर येताना प्रत्येकाने आपल्या नावापुढे हसरा किंवा रडका चेहरा लावायचा. सगळे हसराच लावतात, कारण रडका लावला की सुपरवायझर बाजूला घेऊन विचारतो, "काय प्रॉब्लेम आहे तुझा?"

निखिलने फुलं आणली होती, आणि एक मुलगी आणली होती. ती मोबाइल काठीला लावून उभी राहिली.

"कशा आहात काकू?" तो म्हणाला.

त्या दिवसापर्यंत मी त्याची मॅडम होते. त्याची इंग्रजी पत्रं मी कितीदा दुरुस्त करून दिली होती, तेव्हाही मॅडम होते. मला उभं राहता येईनासं झालं आणि मी काकू झाले. आपल्याकडे नातं जोडलं की माणूस जवळ येतो असं समजतात. मला त्या क्षणी उलटं वाटलं. कोणीतरी माझ्या नावापुढची पाटी काढून दुसरी लावली होती.

त्याने माझा हात हातात घेतला. "काकू, थोडं स्माईल."

माझा अर्धा चेहरा हलत नव्हता. मी दुसऱ्या अर्ध्याने प्रयत्न केला. मुलीने मोबाइल खाली केला आणि निखिलकडे पाहिलं. "सर, हे जरा... विचित्र येतंय."

"राहू दे. स्माईलचा जुना फोटो टाकू."

रेवा, व्हिडिओत मी हसते आहे तो फोटो आमच्या सहलीतला आहे. त्यानंतर येतो तो हात माझा, आणि त्यावरचा हात निखिलचा. तुझ्या वर्गातल्या लोकांच्या डोळ्यांत त्या हातांमुळेच पाणी आलं असणार. चित्रण संपल्यावर निखिलने माझा हात खाली ठेवला आणि भिंतीवरच्या बाटलीतून सॅनिटायझर घेऊन स्वतःचे हात चोळले. वॉर्डात ते करायलाच हवं, मला माहीत आहे. पण आत येताना त्याने ते केलं नव्हतं.

हो

मग तो आजोबांना घेऊन पडद्यापलीकडे गेला. पडदा कापडाचा. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काका, काकूंनी खूप केलं कंपनीसाठी. आता त्यांनी फक्त आराम करायचा. कामाचं टेन्शन त्यांच्यावर टाकणं आम्हाला बरं वाटणार नाही. आपण फॅमिली आहोत."

"हो हो," आजोबा म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

"म्हणजे तुमची हरकत नाही?"

"नाही, नाही. तुम्ही इतकी काळजी घेताय."

मी "नाही" म्हणायचा प्रयत्न केला. घशातून घरघर निघाली. शेजारच्या पलंगावरच्या बाईंच्या सुनेने मला पाणी हवं आहे असं समजून चमचा तोंडाला लावला. पाणी माझ्या हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

अशी माझी नोकरी गेली. दोन पुरुष पडद्यामागे एकमेकांशी अतिशय नम्रपणे बोलले.

घरी आल्यावरही मी बरेच दिवस गप्प होते. आजोबा माझं सगळं करत होते. वेणी घालायला शिकले, ती वाकडी व्हायची. फिजिओथेरपीवाली मुलगी येई, ती मला पलंगाच्या कडेवर बसवून बोटांनी चिमटे उचलायला लावायची. तुमची आई रोज फोनवर दिसायची, आणि रोज म्हणायची, "आई, पुरे झालं आता ते चाकण." शब्द सुटे यायला लागल्यावर मी पहिलं मोठं वाक्य आजोबांना म्हटलं ते हे: "तुम्ही हो का म्हणालात?"

ते डाळ वाढत होते. पळी तशीच धरून म्हणाले, "अगं, तो इतक्या अदबीने बोलत होता. फुलं घेऊन आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?"

"माझ्या वतीने."

"तू मरणार होतीस असं वाटलं मला. नोकरी कसली डोक्यात असणार माझ्या."

ते खरं होतं. तरी मी त्या दिवशी जेवले नाही, आणि तेही जेवले नाहीत.

शेळके

नंतर एका रविवारी शेळके आले. शेळके आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, चाकणच्या जवळच्याच गावचे. आवाज मोठा, शॉपफ्लोरवर शिव्या देतात. निखिलच्या सहृदयतेच्या शिबिरात ते खुर्चीत झोपले होते, त्याबद्दल त्यांना ताकीदही मिळाली होती. घरचे कांदे-बटाटे पिशवीत घालून आणले होते. पिशवी दारात ठेवली, बसले, माझ्याकडे नीट पाहिलं.

"तोंड वाकडं झालंय व्हय," ते म्हणाले.

आजोबा गडबडले. मला हसू आलं, जेवढं येत होतं तेवढं.

"सरळ होईल म्हणतात. हळूहळू."

"होऊ द्या. हे बगा मॅडम, मला गोड बोलाया येत न्हाई. त्या कोरियावाल्यांचा मेल आलाय. तीन जणांनी वाचला, तिघांनी तीन अर्थ सांगितले. त्यांना नक्की काय पायजे, तेवढं सांगा."

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. उजव्या डोळ्याने मी वाचलं. वेल्डिंगची तक्रारच नव्हती ती. माल कसा बांधून पाठवला त्याची तक्रार होती, आणि आमचे लोक वेल्डिंगचा खुलासा लिहीत बसले होते. मी एक एक वाक्य सांगितलं, शेळक्यांनी जाड बोटांनी टाइप केलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. ते घाई न करता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

जाताना म्हणाले, "कदी येताय?"

"मला काढलंय ना शेळके."

"कोणी? मला तर कोणी बोललं न्हाई. तुमची खुर्ची मोकळीच हाय वर."

त्या दुपारी मी पहिल्यांदा कशालाही न धरता स्वयंपाकघरापर्यंत गेले. फिजिओवाल्या मुलीला तिचं श्रेय द्यायलाच हवं, पण त्या दुपारी मी गेले ती त्या मेलमुळे.

सत्कार

मग कंपनीतून बोलावणं आलं: तुमचं स्वागत करायचं आहे, गाडी पाठवतो. मला वाटलं, परत घेत आहेत. चांगली साडी नेसले. आजोबाही आले.

ट्रेनिंग हॉलमध्ये माझा मोठा फोटो, तोच सहलीतला. मोबाइलवाली मुलगी समोर. निखिल माइकवर माझ्या झुंजीबद्दल बोलला, कंपनीच्या संवेदनशीलतेबद्दल त्याहून जास्त बोलला. मग माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला.

तुम्ही तिकडे परदेशात वाढलात म्हणून सांगते. आपल्याकडे शाल आणि नारळ बाहेरून आलेल्या पाहुण्याला देतात, किंवा निघालेल्या माणसाला. रोज कामावर येणाऱ्याला कोणी शाल घालत नाही. पेंट शॉपमधले तांबे पाठीच्या दुखण्यातून उठून आले तेव्हा त्यांनाही असाच नारळ मिळाला होता, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या लॉकरवर दुसऱ्याचं नाव होतं. नारळ हातात आला आणि मला सगळं कळलं. हाताची पकड अजून कच्ची होती. तो निसटू नये म्हणून मी पोटाशी धरला.

"काकू आता विश्रांती घेणार आहेत," निखिल म्हणत होता. "पण त्यांची जागा आपल्या सगळ्यांच्या मनात कायम राहील."

टाळ्या. दोन शब्द बोला म्हणून माइक माझ्याकडे आला. शब्द अजून जड होते, म्हणून मी थोडेच निवडले.

"जागा मनात नको. वरच्या मजल्यावर आहे तीच पुरे. मी विश्रांती मागितलेली नाही. सोमवारी येते आहे. बस नेहमीच्या ठिकाणी थांबवा."

मुलीने मोबाइल खाली केला. मग मागच्या रांगेतून शेळक्यांचा आवाज आला, "बसचं मी बगतो मॅडम."

हॉल हसला. निखिलही हसला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. टाळ्या तो कशालाही वाजवतो. व्हिडिओ शालीपाशी संपतो, पुढचं काही त्यात नाही.

घरी आल्यावर आजोबांनी तो नारळ कुठे ठेवावा या विचारात बराच वेळ हातात धरला. शेवटी देव्हाऱ्याशेजारी ठेवला. रविवारी संध्याकाळी ओट्यावर तो फोडल्याचा आवाज आला. सोमवारी माझ्या डब्यात पोळी-भाजीबरोबर ओल्या नारळाची चटणी होती. मीठ जास्त झालं होतं.

सोमवार

बस आली. बबन उतरला आणि त्याने पायरीखाली एक लोखंडी स्टूल ठेवलं. सीटच्या सांगाड्याच्या भंगार पाइपातून वेल्डिंग शॉपमध्ये केलेलं, वर रबर ठोकलेलं. "शेळके साहेबांनी उंची मोजून घेतली बसची," तो म्हणाला. बसचं मी बघतो म्हणजे हे.

गेटवर चेहरा ओळखणाऱ्या यंत्राने मला ओळखलं नाही. वॉचमन म्हणाला, "मॅडम, जरा पयल्यासारखा चेहरा करा." मी म्हटलं, "तो आता हाच आहे." त्याने वहीत सही घेऊन आत सोडलं.

निखिल जिन्यापाशी भेटला. "काकू, आम्ही तुमच्या काळजीपोटीच..."

"मला मॅडम म्हणायचास तू."

"हो, पण आता..."

"आता काय झालं?"

तो बाजूला सरकला. दुष्ट आहे असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच वाटतं की आपण चांगुलपणा केला. मला सगळ्यात जास्त किळस त्याच्या त्या खात्रीचीच येते.

वर जायला जिना होता, आणि शेळक्यांना मोकळी दिसलेली माझी खुर्चीही एव्हाना तिथे नव्हती. माझ्या त्या खोलीला आता शांती कक्ष म्हणतात. दाराच्या काचेतून दिसल्या त्या फिकट निळ्या भिंती, जमिनीवर बसायला मऊ बीन बॅग, भिंतीवर माझाच हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आम्हाला तुमची काळजी आहे'. खोलीला कुलूप असतं, कारण कामगार दुपारी तिथे जाऊन झोपायला लागले. दमलेली माणसं झोपायला लागली म्हणून दमलेल्यांच्या खोलीला कुलूप. मी ते पाहून परत खाली आले, एका हाताने कठडा धरून, आणि तोंडात कडू चव घेऊन.

शेळके आठवडाभर मालकांच्या मागे लागले. सहृदयतेबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. "मेल तुंबल्यात," एवढंच रोज सांगत राहिले. मालकांनी आठवड्यातून तीन दिवस कबूल केलं. स्टोअरच्या शेजारी, तळमजल्यावर, दारापासून चार पावलांवर माझं टेबल लागलं. ते तिथे का लावलं ते कोणी समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतं.

रेवा, तुझ्या हाताखालचं कोणी आजारी पडलं, तर त्याचा हात धरण्याआधी त्याला विचार, तुला काय करायचं आहे. मग उत्तर येईपर्यंत थांब. त्याची जीभ जड असेल तर जास्त वेळ थांब. आणि त्याच्या नवऱ्याला, बायकोला किंवा मुलाला पडद्यामागे नेऊन विचारू नकोस. तुझ्या प्रशिक्षणात दुसरं काही शिकवत असतील तर ते त्यांचं त्यांना ठेवू दे.

काय उरलं आहे ते आता सांगते. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत, चप्पल निसटली तर मला कळत नाही. डावा डोळा वाऱ्यात पाणावतो. चेहरा दमल्यावर एका बाजूला उतरतो. हात पूर्ण आले आहेत, हे सगळं मी स्वतः लिहिलं आहे. माझं इंग्रजी शाबूत आहे. आजोबांच्या वेणीला सुधारणा नाही, म्हणून मी केस कापले. तीन दिवस आहेत, टेबल आहे, बसच्या पायरीखाली स्टूल आहे. यंत्राला अजून माझा चेहरा पटत नाही. वॉचमन रोज वही पुढे करतो आणि म्हणतो, "या मॅडम."

तुमची आजी